इथं नाही तर पैनगंगेपलीकडे

फुलसावंगीच्या आठवडी बाजारात मोबाईलची कव्हरं विकणारा एक माणूस बसतो. ताडपत्रीवर मांडलेला त्याचा माल पाहिला की वाटतं, हा पोट भरायला बसलाय की प्रदर्शन भरवायला? ज्या मोबाईलची नावं आता ते काढणाऱ्या कंपन्यांनाही आठवणार नाहीत, त्यांची कव्हरं त्याच्याकडे नीट रांगेनं लावलेली असतात. सुट्टीत शहरातून आलेली पोरं ती पाहून हसतात. तो त्यांच्याकडे लक्ष देत नाही. हे आपलं गिऱ्हाईक नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

त्याचं गिऱ्हाईक दुपार कलल्यावर येतं. एखादी म्हातारी समोर उकिडवी बसते, रुमालाची गाठ सोडते आणि आतला मोबाईल पुढे करते. "याले बसंल का रे बाबू काही?" तो मोबाईल पालथा करतो, कॅमेऱ्याची भोकं किती आणि कुठं एवढंच बघतो आणि तिसऱ्या रांगेतलं एक कव्हर उचलून टचकन बसवतो.

"बसलं माय. साठ द्या."

"साठ? अरे, या मोबाईलचे तरी कोणी साठ देईन का आता?"

चाळिसावर जमतं. म्हातारी कव्हर चढवलेला मोबाईल पुन्हा त्याच रुमालात बांधते आणि उठते.

ही कव्हरं तो पुसदच्या दुकानांतून उचलतो, तीही किलोवर. पुसदच्या दुकानदाराच्या लेखी ती रद्दी असते. पुसदला जे मॉडेल 'गेलं', ते महागावात अजून 'चालतं'. महागावात गेलं की आमच्याकडे चालतं. आणि आमच्याकडेही गेलं की डोंगरातल्या तांड्यांवर त्याचा खरा संसार सुरू होतो. कारण मोबाईलही घरात तसाच उतरत जातो. पोरगा नवा घेतो, जुना बापाला देतो. बापाला दुसरा मिळाला की तो आजीकडे जातो. या माणसाच्या डोक्यात कोणत्या गावात कोणत्या पिढीच्या हातात कोणता मोबाईल आहे याचा नकाशा आहे, आणि तो कागदावर कुठेच नाही. मी एकदा त्याला विचारलं, "एवढी जुनी कव्हरं घ्यायची हिंमत कशी होते तुझी?" तो म्हणाला, "सर, माल खराब नसते. गाव चुकते."

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं गाव. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड आणि पैनगंगा ओलांडली की माहूर. अशा जागी वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शाळेत न शिकवताही कळते. एकाच वस्तूला तीन दिशांना तीन भाव असतात. मग डोकं आपोआप त्या तीन दिशांना पळायला लागतं. हे डोकं काहींचं व्यापारात लागतं, काहींचं पारावर बसून व्यापाऱ्यांना सल्ले देण्यात. मी दुसऱ्या गटातला.

बाजार फिरणाऱ्यांचा आठवडा आपल्यासारखा सोमवार-मंगळवारचा नसतो. त्यांना "आज कोणता वार?" विचारलं तर गावाचं नाव सांगतात. एका टेम्पोत चार जण भागीदारीनं भाडं भरतात. एक भांड्यांचा, एक चपलांचा, एक मनिहारीवाला, एक गोळी-बिस्किटांचा. गावात उतरायचं, ग्रामपंचायतीकडून बाजाराचा हर्रास घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसाकडून जागेची पावती फाडायची आणि दिवेलागणीपर्यंत ओरडायचं. जे खपलं नाही ते परत टेम्पोत. भाजीवाल्याला ही सोय नाही. संध्याकाळी उरलेल्या मेथीचे वाटे तो मिळेल त्या भावात फुंकून टाकतो, कारण मेथीला उद्याचं गाव माहीत नसतं. चपलांचं तसं नाही. आठ नंबरची एकच चप्पल जोडीविना पडलेली मी एका टेम्पोत बरेच दिवस पाहत होतो. विचारलं तर म्हणे, "हिची जोडीदार कोणत्या तरी गावात पडली असंल, मिळते कधी ना कधी."

टेम्पो नसलेल्यांसाठी आता मोबाईल आहे. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी घरबसल्या साड्या विकतात. साडी सुरतेत, वहिनी इथं, आणि गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपच्या गटात. सुरतहून फोटो येतो, त्यावरचा मूळ विकणाऱ्याचा शिक्का वहिनी कापून टाकतात, किमतीत शे-दीडशे चढवतात आणि 'लिमिटेड स्टॉक' लिहून पुढं ढकलतात. पुढची बाई तेच करते. २०१५ साली बंगळुरूत सुरू झालेल्या मीशोनं याच उद्योगावर मोठी कंपनी उभी केली. गावोगावच्या गृहिणींना माल न साठवता, भांडवल न घालता विकायला लावायचं. आमच्याकडे ही गोष्ट भिशीच्या गटात आधीपासून चालूच होती, तिला फक्त अॅप मिळालं.  एकदा वहिनींनी पुढं ढकललेली मोरपंखी साडी तीन गटांतून फिरत, तीनदा चढत, शेवटी त्यांच्याच जावेनं घेतली. घरी आल्यावर जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या, "लय स्वस्तात भेटली." वहिनींनी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

किंमत न लागताही फिरणारा माल म्हणजे ओटीतला ब्लाउज पीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो घरात येतो, कपाटात विसावतो, डोहाळजेवणाला बाहेर पडतो. तो शिवायचा असतो असा समज फक्त दुकानदारांचा आहे. आणि नारळाचं तर काय सांगावं. कुठल्याही मोठ्या देवस्थानाच्या पायथ्याशी घेतलेला नारळ पायऱ्या चढून वर जातो, देवापुढे ठेवला जातो आणि न फुटता परत खाली दुकानात येतो, ही गोष्ट इतकी सर्वांना ठाऊक आहे की तिच्यावर आता कोणी रागावतही नाही. मी कोणत्या देवस्थानाचं नाव घेत नाही. नारळाला मात्र विक्रीच्या दोन जागा सापडल्या आहेत आणि मधे फक्त पायऱ्या आहेत, भाडं नाही. एवढा सोयीचा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

माहूरच्या नवरात्रात आमच्याकडचे मनिहारीवाले पैनगंगा ओलांडून जातात. बांगड्या, कुंकू, ओटीचं सामान, पोरांचे फुगे. इकडे भाद्रपदात पडून राहिलेला माल आश्विनात तिकडे उडतो. धनोड्याचा पूल आता पाच मिनिटांत ओलांडता येतो, म्हणून ही नदी काय चीज होती हे नव्या पिढीला कळत नाही. ही साधी नदी नव्हती, ती दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. पलीकडे निजामाचा मुलूख. माहूर-किनवटचा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याबरोबर इकडे आला. निजामाच्या काळात नदी ओलांडली की नुसता भाव बदलत नसे, रुपयाच बदलत असे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, इकडे इंग्रजी कलदार. शंभर कलदारला साधारण एकशे सोळा हाली पडत. आणि माल नेताना करोडगिरीचा नाका लागे, म्हणजे निजामाची जकात. ज्या माणसाला हाली आणि कलदार तोंडी बदलता येत, नाक्यावरचा शिपाई ओळखीचा असे आणि नदीचा उतार ठाऊक असे, त्याला व्यापार शिकवायला कोणत्या कॉलेजाची गरज होती?

खरं तर आमचा वऱ्हाडच कुणीतरी कुणालातरी भाड्यानं दिलेला प्रदेश आहे. १८५३ साली निजामानं तो इंग्रजांकडे कारभाराला सोपवला, आणि १९०२ च्या करारानं वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकला. इंग्रजांचा डोळा होता तो इथल्या कापसावर. काळी जमीन, कापूस आणि पुढं तो मुंबईपर्यंत नेणारी रेल्वे. म्हणजे जिल्हेच्या जिल्हे दुसऱ्या ठिकाणच्या भावावर डोळा ठेवून घेतले गेले. मग आम्हीच काय पाप केलंय?

कापसाचा विषय निघाला की आमच्या भागातल्या माणसाचा आवाज बदलतो. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आमच्याच वऱ्हाडात, कारंज्याला उभा राहिला. शेतकऱ्याचं वजन नीट व्हावं, भाव उघड बोलला जावा, यासाठी. हेतू उत्तम. पण बाजार एका जागी बांधला की शेतकरीही त्या एका जागी बांधला जातो, हे पुढं कळलं. ते सगळ्यात जास्त कळलं १९७२ नंतर. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. राज्यातला कापूस फक्त सरकारच घेणार, पैसे हप्त्यानं देणार आणि कापूस राज्याबाहेर नेता येणार नाही. जवळपास तीस वर्षं ही योजना या ना त्या रूपात चालली; २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली.

त्या तीस वर्षांत कापसानं जे केलं ते माणसानंही केलं असतं. आदिलाबादला, म्हणजे तेव्हाच्या आंध्रात भाव चढला की कापूस रात्री निघायचा. केळापूर-पांढरकवड्याकडून, किनवटकडून, मिळेल त्या वाटेनं. इथला सरकारी भाव चढा असला की पलीकडचा कापूस त्याच वाटेनं इकडे यायचा आणि सरकारी केंद्रावर महाराष्ट्रीय होऊन बसायचा. एकाच हद्दीवर, एकाच वाटेनं, दोन वर्षांत दोन दिशांना जाणारा तोच माल. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं या प्रांतबंदीविरुद्ध आंदोलनं केली. माल कुठं विकायचा हे शेतकऱ्यानं ठरवावं, एवढीच मागणी. ज्यांनी ती मागणी केली त्यांना तुरुंग मिळाला आणि ज्यांनी रात्री गाड्या हाकल्या त्यांना भाव मिळाला. इतिहासात पहिल्यांचं नाव आहे. दुसऱ्यांनी घरावर पत्रे टाकले.

पण या सगळ्यांच्या आधी, रेल्वेच्याही आधी, इथल्या वाटांवर दुसऱ्या ठिकाणी माल विकण्याची विद्या ज्यांनी खरी कमावली ते बंजारे. पुसद-महागाव-उमरखेडचा हा पट्टा तांड्यांचा. आज तांडा म्हटलं की वस्ती डोळ्यांसमोर येते. त्या काळी तांडा म्हणजे चालणारा बाजार. शेकडो बैलांच्या पाठीवर गोणी लादलेल्या, त्या लदेणीमागं माणसं, बायका, पोरं, कुत्री. किनाऱ्यावरून मीठ उचलायचं, देशावर नि वऱ्हाडात आणून विकायचं आणि इथलं धान्य घेऊन पुढं निघायचं. मीठ जिथं समुद्राच्या पाण्याइतकं स्वस्त, तिथून जिथं ते मिळतच नाही तिथं. मोगलांच्या फौजांना धान्य पुरवणारे हेच, आणि १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज वऱ्हाडात लढली तेव्हा तिच्या मागं धान्य घेऊन चालणारेही हेच. कोण जिंकणार याची त्यांना फिकीर नव्हती. दोन्ही बाजूंना भूक लागतेच.

त्या लदेणीतली माझ्या मते खरी हुशारी भाव ओळखण्यात नव्हती. भाव ओळखणारे गल्लोगल्ली असतात. आमच्या पारावरच चार आहेत. हुशारी होती परतीच्या वाटेत. बैलाच्या पाठीवर जाताना मीठ, येताना ज्वारी. बैल रिकामा चालला की तो खातो तेवढंच आणि कमवत काही नाही. दोन गावांतल्या भावाचा फरक कुणालाही दिसतो. मधलं भाडं त्याला खातं. जो माणूस जाताना आणि येताना दोन्ही वेळा भरून चालतो, त्याचंच भाडं सुटतं. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळहून बडनेरा-नागपूरकडे सरकली आणि हळूहळू बैलांची लदेणी थांबली. तांडे डोंगरकुशीत वसले, शेती करू लागले. त्यांच्याच समाजातले वसंतराव नाईक पुढं राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेही इथलेच, पुसदजवळच्या गहुलीचे.

आता दुसरी जागा सापडूनही ती गाठता येत नाही तेव्हा काय होतं, ते पाहायचं असेल तर दिवाळीनंतर आमच्याकडे या. खेडा खरेदीचा टेम्पो दारात येतो, काटा लावतो, रोख मोजतो आणि हमीभावापेक्षा कमी देतो. हमीभाव किती हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. २०२५-२६ साठी लांब धाग्याला क्विंटलला ८११० रुपये, मध्यम धाग्याला ७७१०. पण सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापूस न्यायचा म्हणजे आधी 'कपास किसान' अॅपवर नोंद, सातबारा, आधारला जोडलेलं खातं, नंबर लागण्याची वाट, आणि गाडी दारात पोचल्यावर ओलावा मोजायचं यंत्र. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत गेला तर कपात, त्याच्याही वर गेला तर गाडी परत. वेचणीवाल्या बाया मात्र दर आठवड्याला किलोमागं रोख मागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून टेम्पोवाल्याला कापूस जातो. मग तोच कापूस पुढं वाळून, दुसऱ्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर बसून, त्याच केंद्रावर पोचतो अशी कुजबुज दर हंगामात असतेच. टेम्पोवाल्याला आम्ही शिव्या देतो. पण त्याच्याकडे टेम्पो आहे, रोख आहे आणि थांबायला वेळ आहे. शिव्या या तिन्हींपैकी कशाचंच काम करत नाहीत.

हळदीचं थोडं वेगळं. आमच्या पट्ट्यातली हळद वसमत, हिंगोलीला जाते. नाही तर पार सांगलीपर्यंत. सांगलीची गंमत अशी की तिथं व्यापाऱ्यांनी दुसरी जागा शोधण्याऐवजी दुसरा महिना शोधला. हरिपूरच्या जमिनीत खोल पेवं खणली, हळद त्यांत भरून तोंड बंद केलं आणि भाव चढेपर्यंत ती अंधारात ठेवली. माल तिथंच, बाजार बदलला! २००५ च्या महापुरात तिथल्या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि ही वाट पाहणं किती महाग पडू शकतं तेही सांगलीनं पाहिलं. २०२३ साली मात्र उन्हाळ्यात सहा-सात हजारांनी हळद देऊन बसलेले आमच्याकडचे शेतकरी पावसाळ्यात दुपटीच्या वर गेलेला भाव ऐकून कपाळाला हात लावत होते, आणि ज्यांच्या घरात जागा होती म्हणून नव्हे तर गिऱ्हाईकच आलं नाही म्हणून हळद पडून राहिली होती, ते दूरदृष्टीवर बोलत होते.

फुलसावंगीचं नाव देशभर वर्तमानपत्रांत आलं ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये. शाळा अर्ध्यात सुटलेल्या, वेल्डिंगचं काम करणाऱ्या इथल्या एका तरुणानं स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणी चालू असताना पातं तुटलं आणि तो गेला. खेळकर लेखात हे आणावं की नाही असा विचार आला, पण मालाची दुसरी जागा असा विषय असताना या गावावर लिहायचं आणि त्याला वगळायचं हे बरं दिसलं नसतं. त्या हेलिकॉप्टरला इंजिन मारुती ८०० चं होतं. जुन्या मारुतीच्या इंजिनाला भंगारवाला किलोचा भाव देतो, गॅरेजवाला थोडा जास्त देतो. त्याला आभाळात जागा आहे असं या पंचक्रोशीत एकाच माणसाला वाटलं. या गावात अजूनही त्याचं नाव निघालं की माणसं आधी थोडी गप्प होतात आणि मग त्याच्या हाताच्या सफाईबद्दल बोलतात.

बाजाराकडे परत येतो. पोळ्याच्या आदल्या बाजारात बैलांचा साज विकणारा एक तरुण दरवर्षी भेटतो. मठाट्या, गोंडे, घुंगरमाळा, म्होरक्या, वेसणी, कासरे, शिंगांचं बेगड. तांड्यावरचाच. दरवर्षी त्याचा माल जास्त उरतो, कारण दरवर्षी बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त. ट्रॅक्टरला घुंगरमाळ बांधणारे काही हौशी आहेत, पण त्यांच्यावर संसार चालत नाही. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेल्या पोरांकडून थोडे गोंडे खपतात, तेवढंच.

मी पारावरचा सल्लागार. त्याला म्हटलं, "तुला एक वाट दाखवतो. बैलाचा सण महाराष्ट्रात एकदाच येतो हे तुला कुणी सांगितलं?" आणि हिशेब मांडला. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, कोल्हापूर-सांगलीच्या सीमेकडे. आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, साताऱ्यापर्यंत. श्रावणाच्या अमावस्येला आपला पोळा, विदर्भ-मराठवाडा-खानदेश. आणि भाद्रपदाच्या अमावस्येला पुणे जिल्ह्यात जुन्नर-मावळाकडे पुन्हा पोळा, भाद्रपदी. म्हणजे एकच घुंगरमाळ चार महिने, चार मुलखांत विकता येते. नाही खपली इथं, तर पुढच्या अमावस्येला तिकडे. मला स्वतःलाच हा शोध इतका आवडला की मी चहा सांगितला.

त्यानं चहा संपवेपर्यंत काही म्हटलं नाही. मग कपाची कड ताडपत्रीला पुसत म्हणाला, "सर, बात बराबर आहे. जुन्नर किती लांब?"

मी अंदाज सांगितला.

"भाडं?"

तोही सांगितला.

"अन् येताना काय भरून आणू?"

हे मी विचारात घेतलं नव्हतं. भाव मी चार ठिकाणचे शोधले होते. गाडी परत रिकामी येणार, ते भाडंही घुंगरमाळांच्याच डोक्यावर बसणार आणि नफा वाटेतच संपणार, हे त्याच्या तोंडून ऐकावं लागलं. मोटारीचं भाडं तो अजून बैलाच्या पाठीच्या हिशेबानं मोजत होता. थोड्या वेळानं त्यालाच सुचलं. जुन्नरच्या नारायणगावाहून टोमॅटोचे ट्रक इकडे विदर्भात येतात. टोमॅटो उतरवला की तो ट्रक परत जाताना भाडं शोधत फिरतो. परतीचं भाडं निम्म्यात मिळतं. त्या ट्रकात दोन पोती घुंगरमाळा कुठंही मावतील. जाताना टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून जायचं, माल विकायचा आणि येताना टोमॅटोवर बसून यायचं.

तेव्हा वाचकांत कुणी ट्रकमालक असेल, नारायणगावाहून टोमॅटो घेऊन आमच्या बाजूला येत असेल आणि भाद्रपदाच्या अमावस्येआधी आठवडाभर परतीला रिकामा जाणार असेल, तर फुलसावंगीच्या बाजारात पोळ्याच्या साजाची ताडपत्री विचारा. भाडं निम्मं धरा आणि ड्रायव्हरशेजारी एक जागा राखून ठेवा. माल बांधून तयार आहे.